उस्तादांचा अंगठा

उस्तादांचा अंगठा खोटं बोलत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. उस्ताद खोटं बोलत नाहीत, असं मात्र कुणी म्हणत नसे; तळ्यात पकडलेल्या माशाची लांबी सांगताना त्यांचे हात किती फाकतात, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण प्रश्न सायकलच्या चाकाचा असला, की अंगठ्याचा शब्द शेवटचा.

सायकल उलटी करून सीटवर उभी करायची, चाक हलकेच फिरवायचं आणि ब्रेकचे रबर रिमला जिथं घासतात त्या पट्ट्यावर उजवा अंगठा टेकवून ठेवायचा. झाली तपासणी. रबर घासून घासून रिम खोलगट होते. वरून चकचकीत दिसते, आतून कागदासारखी पातळ झालेली असते. अशा चाकावर बसून माणूस लांब उतारावर ब्रेक दाबून धरतो, रिम तापते, आतली हवा रेटा देते आणि रिमची कड केळ्याच्या सालीसारखी सोलून निघते. तेवीस वर्षांपूर्वी शाळामास्तर सात वळणांच्या उतारावरून असेच थेट बदकांच्या तळ्यात गेले होते. मास्तरांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. बदकांनी मात्र आठवडाभर तळ्यात पाय टाकला नाही.

तेव्हापासून सायकल मंडळानं नियम केला. प्रथा जुनीच होती: वर्षातून एकदा सगळे मिळून डोंगरावर चढायचे आणि सात वळणांनी खाली यायचे, त्याला म्हणायचं उताराची फेरी. फेरीला येणाऱ्या प्रत्येक सायकलच्या पुढच्या चाकाला उस्तादांच्या दुकानाचा हिरवा दोरा पाहिजे. चाक नापास झालं तर लाल दोरा, आणि लाल दोरा मिळालेल्यानं त्या दिवशी घरी बसून पेपर वाचायचा. उस्तादांचा स्वतःचा नियम याहून कडक होता. सख्ख्या बापानं तपासून दिलेली सायकल असली, तरी आपला अंगठा फिरवल्याशिवाय तिच्यावर टांग टाकायची नाही. गावातली पोरंसोरं चालायला शिकायच्या आधी हा नियम शिकत.

यंदा उस्तादांना सत्तरावं लागलं आणि त्यांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर करून टाकलं, "दोरे आता सूनबाईकडे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातं?

सूनबाई अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली तेव्हा एका कारखान्यात सुटे भाग मोजायचं काम करत होती. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यावरून रात्रपाळीच्या साहेबाशी भांडलेली बाई. तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. सायकलवाल्याच्या पोटी जन्माला येऊन त्याला पंक्चर काढता येत नव्हतं. त्यामुळे सासऱ्यांनी सगळी विद्या सुनेला दिली. सून डावखुरी निघाली, तेव्हा उस्ताद कपाळावर हात मारून म्हणाले होते, "आता माझे पाने उलटे आटे मारायला शिकणार!" तारा ओवून तिनं पहिलं चाक विणलं तेही उलटं. जगातल्या सगळ्या चाकांच्या रिमवर छापलेलं नाव सायकलच्या उजवीकडून वाचता येतं, तिच्या चाकावरचं डावीकडून वाचता यायला लागलं. ती ते उसवायला बसली, तर उस्तादांनी हातातून काढून घेतलं, स्वतःच्या सायकलला पुढं लावलं आणि परत कधी काढलं नाही. कुणी हसलं तर म्हणायचे, "डावीकडच्या लोकांनी काय पाप केलंय? त्यांनाही वाचू दे."

असा हा माणूस. पण दुकान दिलं, दोरे दिले, मागच्या खोलीतली खुर्ची मात्र त्यांनी ठेवून घेतली. आणि घोळ त्या खुर्चीपाशी झाला.

फेरी रविवारी. सोमवारी सकाळी पहिलाच आला बेकरीवाला. पावाच्या टोपल्या घेऊन चढ-उतार करणारा, अंगानं भरलेला, मनानं त्याहून भरलेला. सूनबाईनं पुढचं चाक काढलं, टायर उतरवला, पेटीतून कॅलिपर आणि दोन छर्रे काढले. रिमची कड आत वळलेली असते, म्हणून कॅलिपरचे जबडे रिमच्या भिंतीला नीट टेकत नाहीत. तेव्हा एक छर्रा आतून लावायचा, एक बाहेरून, तिन्हींची मिळून जाडी मोजायची आणि छर्‍यांची वजा करायची. उरली ती रिम. एक मिलिमीटरच्या खाली गेली की लाल दोरा.

"पॉइंट आठ," सूनबाई म्हणाली.

बेकरीवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे दहापैकी आठ! चांगले मार्क आहेत की!"

"मार्क नाहीत हो, जाडी आहे. एक तरी पाहिजे. तुमची रिम संपली."

तिनं लाल दोरा बांधला. बेकरीवाला त्या दोऱ्याकडे, मग तिच्याकडे, मग मागच्या खोलीच्या दाराकडे बघत सायकल ढकलत गेला. दाराकडे का बघितलं, हे तिला तेव्हा सुचलं नाही. माणूस मोजण्यात हुशार असला म्हणजे सगळ्यातच असतो असं नाही.

मंगळवारी ती बेकरीत पाव आणायला गेली, तर बाहेर त्याच्या सायकलला हिरवा दोरा.

"हा कुठून आला?"

बेकरीवाला पिठाच्या पोत्यामागं काहीतरी शोधायला लागला. "ते... काल मागच्या दारानं गेलो होतो. उस्तादांनी अंगठा फिरवला. म्हणाले, झकास आहे. आता उस्तादच म्हणाले म्हटल्यावर... दोन पाव जास्त देऊ का?"

तिनं जास्तीचे पाव घेतले नाहीत. दुपारपर्यंत कळलं ते असं, की टपालवालीच्या चाकालाही तिनं लाल बांधला होता, तोही मागच्या दारानं हिरवा झाला होता. आणि तिसरे शाळामास्तर. तेच, बदकांचे. ज्या माणसामुळे नियम झाला तोच नियमाला मागच्या दारानं चकवून गेला! सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला दोरे दिले कशाला मग?" तिनं संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. "शोभेला? मी पुढच्या दारानं नापास करायचं आणि बाबांनी मागच्या दारानं पास करायचं?"

नवरा चित्रांच्या वह्या तपासत होता. त्यानं विचार करून सांगितलं, "असं बघ, तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकता."

"रिमला दोन जाड्या नसतात," ती म्हणाली आणि वहीवरचा हिरवा घोडा बघून म्हणाली, "आणि घोडा हिरवा नसतो." घोड्यावर राग काढायचं काही कारण नव्हतं.

खरा प्रसंग बुधवारी आला. उस्ताद स्वतःची सायकल घेऊन पुढच्या दारानं आले आणि सगळ्यांसारखे रांगेत उभे राहिले. नियम म्हणजे नियम. रांगेतली माणसं बाजूला व्हायला लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं. नंबर आल्यावर सायकल सुनेपुढं ठेवली आणि हात मागं बांधून वाट बघायला लागले.

चाक तेच. डावीकडून वाचायचं. सूनबाईनं छर्रे लावले, कॅलिपर मिटला. आकडा बघितला आणि पुन्हा मोजलं. मग दुसरे छर्रे घेतले, चाक अर्धं फिरवून तिसऱ्यांदा मोजलं. मग कॅलिपर खाली ठेवला.

"बाबा, पॉइंट सात आहे."

"काय पॉइंट सात?"

"रिम. उतारावर नेण्यासारखी नाही."

रांगेत कुणीतरी खोकलं. उस्तादांनी हसून चाक हातात घेतलं, फिरवलं आणि पट्ट्यावर अंगठा टेकवला. डोळे मिटले. "गुळगुळीत. सपाट. लोण्यासारखी. तुझ्या छर्‍यांना गंज चढला असेल, सूनबाई."

"छर्रे नवे आहेत."

"मग कॅलिपरला गंज चढला असेल. आण तो हिरवा दोरा, मी बांधतो."

तिनं दोऱ्याची लड उचलली आणि एप्रनच्या खिशात घातली. "दोरे माझ्याकडे आहेत, बाबा."

उस्तादांनी चाक हळूच टेकवून ठेवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दुकान तुझं, दोरे तुझे. रस्ता तेवढा माझा आहे." आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. चार वाजताचा चहासुद्धा घेतला नाही. उस्तादांनी चहा सोडणं म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं.

सूनबाईला वाटलं, बाबांना सगळं कळतंय. चाक संपलंय हे अंगठ्याला समजलंय, पण सुनेनं विणलेलं चाक टाकवत नाही म्हणून ते खोटं बोलतायत. असं वाटलं की तिला बरं वाटायचं, आणि लगेच राग यायचा, कारण त्या मायेपायी ते रविवारी त्याच चाकावरून सात वळणं उतरणार होते, आणि त्यांच्या भरवशावर आणखी तीन जण. पण एक गोष्ट खुपत राहिली. माशाबद्दल हा माणूस वाटेल ते बोलेल. चाकाबद्दल मात्र अकरा वर्षांत एकदाही खोटं बोललेला नव्हता. आत्ताही डोळे मिटून 'लोण्यासारखी' म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. समाधान होतं.

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. उस्ताद आंघोळ करून शर्ट अंगात घालून आले आणि काही न बोलता सासूबाईंसमोर उभे राहिले. शर्टाची बटणं उघडी. सासूबाईंनी खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली, कॉलर सारखी केली, छातीवर एक चापटी मारली. उस्ताद गेले. सुनेशी अबोला होता, त्यामुळे तिच्याकडे बघितलंही नाही.

सासूबाई लाजल्या. सदुसष्टाव्या वर्षी! "आता काय सांगू तुला," त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीस वर्षांत कधी साधा हात धरून रस्ता ओलांडला नाही ह्या माणसानं. आणि आता वर्ष झालं, रोज सकाळी बटणं लावून घ्यायला समोर उभे. मी म्हटलं, उशिरा का होईना, लाडात आले!"

सूनबाईही हसली. आणि हसता हसता तिचा हात चहाच्या भांड्यावरच थांबला. काल सकाळी याच भांड्यावरचं झाकण उस्तादांनी बोटांवर फडकं घेऊन, पण उजवा अंगठा उघडाच टेकवून उचललं होतं. वाफेनं चटका बसेल असं तापलेलं झाकण. ते धरून दारापाशी उभं राहून त्यांनी पावसाबद्दल अख्खं एक मत सांगितलं होतं आणि मग सावकाश खाली ठेवलं होतं.

"आई, वर्ष झालं म्हणालात?"

"जास्तच. का गं?"

"काही नाही. चहा उकळला."

पन्नास वर्षं तोच अंगठा, तोच पट्टा. हजारो रिमांवरून फिरून फिरून त्याची कातडी टायरसारखी जाड झाली होती आणि आतली जाणीव कधी निघून गेली ते त्यालाही कळलं नव्हतं. त्या अंगठ्याला आता सगळ्या रिमा लोण्यासारख्याच लागणार. बाबा खोटं बोलत नव्हते. अंगठा बोलत होता, आणि बाबांचा त्याच्यावर विश्वास होता, जसा सगळ्या गावाचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

कळलं, पण सांगायचं कसं? 'बाबा, तुमचा अंगठा मेला' असं तोंडावर सांगायचं? ज्या अंगठ्यावर त्यांचं नाव उभं, दुकान उभं? आणि सांगूनही ते ऐकले नसते. गंजलेल्या छर्‍यांचं उत्तर तयारच होतं. सूनबाईनं दुकान उघडलं, दोन ट्यूब बदलल्या, एक ब्रेकची तार ओवली आणि डोकं चालवत राहिली. तार ओवताना डाव्या हातातली पक्कड तिला दिसली. रोजची पक्कड, रोजचा हात. पण ती तिकडे बघत बसली.

मग तिनं उस्तादांचं चाक उचललं, मागच्या खोलीचं दार ढकललं आणि चाक तिथल्या स्टँडमध्ये अडकवलं. उस्ताद पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही.

"बाबा, एक शिकायचं राहिलं होतं."

पेपर गप्प.

"अकरा वर्षं मी कॅलिपर लावतेय. पण अंगठ्याला नेमकं काय लागतं, ते मला कधी कळलंच नाही. चांगली रिम कशी लागते, संपलेली कशी लागते. तुम्हीच शिकवू शकता. दुसरं कोण आहे?"

पेपर चार बोटं खाली आला. वरून दोन डोळे दिसले. "आता आठवलं?"

"आता आठवलं."

उस्तादांचा राग तसा साबणाच्या फेसासारखा. त्यातून अकरा वर्षांत सुनेनं हा प्रश्न विचारला नव्हता, ही त्यांची जुनी खंत होती. ते उठले, चष्मा सारखा केला, स्टँडपाशी आले. "हे बघ," म्हणाले, "दाबायचं नाही. नुसतं टेकवायचं. मांजराच्या पाठीवर हात ठेवतो तसं. पहिल्या फेरीत काहीच कळत नाही. दुसऱ्या फेरीत..."

"पण बाबा, मी डावखुरी. उजव्यानं दाखवलंत तर मला उलटं कळेल. डाव्यानं दाखवा ना."

"तुझं सगळंच उलटं," ते कौतुकानं म्हणाले आणि स्टँडच्या दुसऱ्या बाजूला आले. उजव्या हातानं चाक फिरवलं. डावा अंगठा पट्ट्यावर टेकवला. "तर दुसऱ्या फेरीत काय होतं, की अंगठा आपोआप..."

वाक्य तिथंच राहिलं.

चाक फिरत होतं. उस्तादांनी अंगठा उचलला, पुन्हा टेकवला. चाक थांबलं. त्यांनी परत फिरवलं आणि आता उजवा टेकवला. डोळे मिटले. मग डावा. मग उजवा. मग पुन्हा डावा, आणि या वेळी चाक थांबल्यावरही तो तसाच, त्या खोलगट पट्ट्यात ठेवून उभे राहिले.

"हा खड्डा कधी पडला?" ते हळू आवाजात म्हणाले.

"आधीपासून आहे, बाबा."

त्यांनी उजवा अंगठा डोळ्यांजवळ नेला. पलटून बघितला. नखानं टोचून बघितला. पन्नास वर्षांच्या भागीदाराला चोरी करताना पकडावं, तसं त्याच्याकडे बघितलं. सूनबाईला इतकं भरून आलं, की रागाबिगाचं नावही उरलं नाही. आपण हे केलं नसतं तर बरं झालं असतं, असंसुद्धा एक क्षण वाटून गेलं. मग रविवारची सात वळणं आठवली आणि तिनं डोळे पुसले.

"बटणं," उस्ताद एकदम म्हणाले. "मला वाटायचं, काजं आटली धुवून धुवून. तीन शर्टांची काजं आटली म्हणून मी तुझ्या सासूला साबण बदलायला लावला." आणि ते हसायला लागले. आधी थोडं, मग खांदे हलवून. "काय रे लेका," अंगठ्याला म्हणाले, "सांगायचंस तरी!"

हसून झाल्यावर खुर्चीत बसले. चेहरा उतरला. "किती गेली माझ्या हातून?"

"यंदा तीन. बेकरीवाला, टपालवाली आणि मास्तर. चौथं हे."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी सगळे सुखरूप खाली आले. बदकांची तक्रार नाही."

"मास्तर पुन्हा गेले असते तर बदकांनी गाव सोडलं असतं," ते म्हणाले, पण या वेळी हसले नाहीत. उठून सुनेसमोर आले आणि हात पुढं केला. "एक लाल दोरा दे."

तिला वाटलं, चाकाला बांधायचाय. तिनं लडीतून एक दोरा तोडून दिला. उस्तादांनी तो उजव्या अंगठ्याला गुंडाळला, एक टोक दातात धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि गाठ मारली. नापास चाकाला मारतात तशीच, दुहेरी. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. मग टोपी घातली आणि मागच्या दारानं न जाता पुढच्या दारानं, दुकानातल्या सगळ्यांदेखत, पायी बाहेर पडले.

आधी बेकरी. बेकरीवाल्यानं नंतर हा प्रसंग गावाला इतक्या वेळा सांगितला, की पाव जळाले. उस्ताद आले, सायकलचा हिरवा दोरा स्वतःच्या हातानं कापला आणि लाल बांधलेला अंगठा दाखवून म्हणाले, "हा नापास झाला. यानं पास केलेलं सगळं रद्द."

"उस्ताद, याला किती मार्क पडले?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"शून्य. तुझ्या रिमला आठ तरी आहेत. जा, सूनबाईकडून नवी बसवून घे."

टपालवालीनं वाद न घालता सायकल दिली. मास्तरांनी मात्र पंधरा मिनिटं घेतली. आपलं चाक उत्तम आहे, हे त्यांनी मुद्देसूद सिद्ध केलं. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "मास्तर, तेवीस वर्षांपूर्वीही तुम्ही हेच मुद्दे मांडले होते." मास्तर सायकल घेऊन मुकाट्यानं निघाले.

शुक्रवार-शनिवार दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उस्तादांनी मागच्या खोलीतली खुर्ची उचलून पुढच्या दारात आणली. कुणी सवयीनं वाकून कानाशी लागलंच, "उस्ताद, तुम्हीही एकदा बघा ना," की ते बोलत नसत, लाल दोऱ्याचा अंगठा वर करत. बघणाऱ्याला आधी वाटायचं, सगळं छान आहे असं म्हणतायत. मग दोरा दिसायचा. "तिनं मोजलंय ना?" उस्ताद विचारायचे. "मग झालं. माझं चाकसुद्धा तिनं नापास केलं आणि बरोबर केलं. मी चुकलो होतो." मी चुकलो होतो, हे वाक्य त्यांच्या तोंडून सासूबाईंनीही पहिल्यांदाच ऐकलं. त्या ते ऐकायला दोनदा दुकानात येऊन गेल्या.

चार चाकांना नव्या रिमा बसवायच्या होत्या. सासरे तारा ओवून द्यायचे, सून आवळायची. उस्तादांचं चाक तिनं सगळ्यात शेवटी घेतलं. जुनी रिम सासूबाईंनी घेवड्याच्या वेलाला चढायला मागून घेतली. तारा ज्यात अडकतात तो मधला तुंबा जुनाच, तारा नव्या, रिम नवी. चाक तयार होऊन स्टँडवर चढलं, तेव्हा उस्तादांनी मान वाकडी करून बघितलं. नाव डावीकडून वाचता येत होतं.

"आता तर येतं ना तुला सरळ विणता?"

"येतं की," ती म्हणाली. "पण डावीकडच्या लोकांनी काय पाप केलंय?"

उस्तादांनी चष्मा काढून पुसला. पुसायची गरज नव्हती.

घरी आणखी एक हिशेब बाकी होता, तो सासूबाईंचा. बटणांमागचं कारण कळल्यावर त्या शनिवारभर फुरंगटून होत्या. "म्हणजे लाड नव्हतेच! मी आपली वर्षभर वेडी!" रविवारी सकाळी उस्ताद उघड्या बटणांचा शर्ट घालून त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"का? आता डावा हात आहे ना? त्यानं लागतात म्हणे."

"डावा हात दुकानात विसरलो," उस्ताद म्हणाले.

सासूबाईंनी सगळी बटणं लावली. वरचं बटण लावायला जरा जास्तच वेळ घेतला.

साडेनऊ वाजता सगळे डोंगराच्या माथ्यावर जमले. चढ संपवून माणसं घामेजली होती, पाण्याच्या बाटल्या फिरत होत्या, खाली सात वळणं उन्हात दिसत होती आणि शेवटी बदकांचं तळं. चाळीसएक सायकली, चाळीसएक हिरवे दोरे. निघायच्या आधी सगळ्यांनी गावच्या रिवाजाप्रमाणे सायकली उलट्या केल्या. आपापला अंगठा फिरवायचा, मगच टांग.

पहिलं उतरायचा मान उस्तादांचा. ते सायकल हातात धरून पुढं आले. सूनबाई सायकल उलटी करायला हात द्यायला पुढं झाली. गेली पन्नास वर्षं या जागी उस्तादांनी सायकल उलटी केली नाही असं झालं नव्हतं. त्यांचे वडील जिवंत असताना, त्यांनी तपासून दिलेली सायकलही त्यांनी इथं उलटी केली होती, आणि वडील त्यावर खूश झाले होते.

उस्तादांनी सायकल सरळच ठेवली. पुढच्या चाकाचा हिरवा दोरा तेवढा बघितला.

"बाबा, अंगठा?" ती हळूच म्हणाली. "डावा आहे की."

"कशाला?" उस्ताद म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दोरा तू बांधलायस ना?"

आणि टांग टाकून ते निघालेसुद्धा. पहिल्या वळणावर ब्रेक दाबल्याचा बारीक आवाज आला, सायकल वळली आणि दिसेनाशी झाली. शाळामास्तर आपल्या उलट्या सायकलपाशी ओणवे झाले होते, अंगठा रिमवर टेकणारच होता. त्यांनी तो मागं घेतला, पँटला पुसला आणि सायकल सरळ केली. मग टपालवालीनं केली. मग बेकरीवाल्यानं. एकामागून एक चाळीसएक सायकली सरळ झाल्या आणि माणसं उतारावर निघाली.

सूनबाईला सगळ्यांच्या मागून, हत्यारांची पिशवी घेऊन निघायचं होतं. तिनं नाक ओढलं, पिशवी खांद्याला लावली, ब्रेक एकदा दाबून बघितले आणि निघाली.